भिंतीला इन्सुलेशन केले तरी खोली रात्री तापलेलीच: विदर्भातील जुन्या घरांसाठी समस्या निवारण

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. घर १९७० किंवा १९८०च्या दशकात ले-आउटमध्ये बांधलेले, भिंती नऊ इंची भाजक्या विटांच्या, वर सिमेंट काँक्रीटचा स्लॅब आणि झोपायची खोली नेमकी पश्चिमेला. एप्रिल-मेमध्ये ही खोली रात्री बारा वाजले तरी निवत नाही, म्हणून कोणाच्या तरी सल्ल्याने भिंतीवर इन्सुलेशनचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या मालाचा, एखादा थर चढवला जातो. पहिल्या वर्षी थोडा फरक वाटतो, पुढच्या मे महिन्यात पुन्हा तीच झळ जाणवते, आणि घरमालक थराची जाडी वाढवावी की दुसरा माल घ्यावा या विचारात पडतो. अशा घरांत माल वाईट निघाल्याची उदाहरणे कमी असतात. उष्णता ज्या वाटेने येत होती ती वाट न शोधताच थर लावलेला असतो, किंवा थर योग्य भिंतीवर पण चुकीच्या पद्धतीने बसवलेला असतो. म्हणून नवा थर विकत घेण्याआधी पुढील तपासण्या कराव्यात.

आधी तापमान मोजा

भिंतीच्या पृष्ठभागाचे तापमान मोजणारी बंदुकीसारखी इन्फ्रारेड तापमापी हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन सहज मिळते. कोरोनाच्या काळात घेतलेली, कपाळावर धरायची तापमापी या कामाला थेट चालत नाही, कारण ती शरीराच्या तापमानापुरतीच आकडे दाखवते. तिच्यात वस्तूचे तापमान मोजण्याची वेगळी सोय असेल तरच तिचा उपयोग होतो. चकचकीत पत्रा किंवा फॉइल यांवर मापी धरू नये, तिथे आकडा खोटा येतो. रंगवलेल्या गिलाव्यावर तो विश्वासार्ह असतो.

एखाद्या कडक उन्हाच्या दिवशी दुपारी चार, संध्याकाळी सात, रात्री अकरा आणि पहाटे सहा या वेळांना चारही भिंतींच्या आतल्या बाजूचे आणि छताचे आकडे कागदावर लिहून काढावेत. यात वेळेला फार महत्त्व आहे. नऊ इंची विटांच्या भिंतीतून उष्णता आत पोहोचायला साधारण सहा ते आठ तास लागतात, तर चार-पाच इंची स्लॅबमधून ती तीन-चार तासांतच खाली येते. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन दुपारी चार-पाचच्या सुमारास सर्वांत प्रखर असते, म्हणून तिची आतली बाजू रात्री अकरा-बाराच्या सुमारास सर्वाधिक तापलेली आढळते. स्लॅबचा कळस त्याच्या बराच आधी, संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास येतो. खोली दुपारी तीनलाच भट्टी होत असेल आणि सूर्य मावळल्यावर लवकर निवत असेल, तर दोष भिंतीचाही नाही आणि छताचाही नाही. तो खिडकीच्या काचेचा किंवा फटींतून आत येणाऱ्या गरम वाऱ्याचा आहे.

मोजणी करताना दिशेबद्दलचा एक रूढ समज बाजूला ठेवावा लागतो. ‘दक्षिणेचे ऊन’ वाईट म्हणून दक्षिणेच्या भिंतीवर खर्च करणारे लोक नागपुरात अजूनही भेटतात. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्यात भर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत तर तो डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जातो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन फारसे लागतच नाही. ते लागते हिवाळ्यात, जेव्हा ते हवेसे असते. उन्हाळ्याचा मुख्य मारा गच्चीवर होतो, त्याखालोखाल पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या भिंतींवर. पूर्वेची भिंत सकाळी तापते आणि तिची उष्णता दुपारी आत उतरते, म्हणून रात्रीच्या झोपेशी तिचा संबंध कमी येतो.

छत आणि खिडकी सोडून भिंतीला हात घातला असेल तर

एक ढोबळ हिशोब करून पाहू. बारा फूट लांब आणि दहा फूट उंच पश्चिमेची भिंत म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. दोन्ही बाजूंनी गिलावा असलेल्या नऊ इंची भिंतीतून दर चौरस मीटरमागे, तापमानातील दर अंश फरकामागे, साधारण २.१ वॅट उष्णता जाते. उन्हाचा परिणाम धरून बाहेर-आतला फरक २० अंश मानला, तर त्या भिंतीतून ४६० वॅटच्या आसपास उष्णता आत येते. ५० मिलिमीटर जाडीचे चांगले थर्माकोल नीट बसवले, तर दर अंशामागचा हाच आकडा ०.५३च्या जवळ येतो आणि एकूण उष्णता १२० वॅटच्याही खाली उतरते. पाऊण हिस्सा थांबला, म्हणजे काम चांगलेच झाले.

पण त्याच भिंतीत चार बाय चार फुटांची, एकेरी काचेची उघडी खिडकी असेल तर दुपारी चारच्या उन्हात ती एकटीच ६०० वॅटच्या आसपास उष्णता आत सोडते. वरचा दोन फुटी छज्जा त्या वेळी जवळजवळ निरुपयोगी असतो, कारण साडेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून तीसेक अंशांवर आलेला असतो आणि छज्जाची सावली खिडकीवर जेमतेम फूटभर पडते. शिवाय बारा बाय बारा फुटांचा, वर काहीही उपाय नसलेला स्लॅब याच हिशोबाने हजार वॅटच्या घरात जातो. भिंतीवरचे साडेतीनशे वॅट वाचवण्यासाठी पैसे मोजायचे आणि ही सोळाशे वॅटची वाट तशीच उघडी ठेवायची, हा व्यवहार कोणालाही पटू नये. तरीही जुन्या घरांत सर्वाधिक वेळा हेच झालेले दिसते, कारण पलंग भिंतीला लागून असतो आणि झळ पाठीला लागते.

म्हणून संध्याकाळी सातला छताचा आकडा पश्चिमेच्या भिंतीपेक्षा जास्त येत असेल, तर भिंतीचे काम थांबवून आधी गच्चीकडे वळावे. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा जुना कोबा शाबूत असेल तर त्यावर दर वर्षी मार्चमध्ये चुन्याचा पांढरा हात देणे किंवा पांढरा परावर्तक रंग लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. कोबा फुटला असेल आणि तो काढून नव्याने करायचाच असेल, तर त्याखाली इन्सुलेशनचा थर घालण्याची संधी सोडू नये. खिडकीला आतून जाड पडदा लावून फारसे साधत नाही, कारण ऊन काचेतून आत आल्यावर ते पडद्यात अडकते आणि पडदाच तापून खोलीत उष्णता सोडत राहतो. बांबूची चिक किंवा उन्हाळ्यात सगळीकडे दिसणारी हिरवी जाळी काचेच्या बाहेर, भिंतीपासून थोडे अंतर राखून बांधावी.

फॉइल, रंग आणि पातळ थर

दुसरा वारंवार सापडणारा दोष पॅनेलिंग उघडल्याशिवाय दिसत नाही. फुग्याफुग्यांचे चंदेरी फॉइल भिंतीला गोंदाने सपाट चिकटवलेले असते आणि त्यावर लगेच प्लाय किंवा पीव्हीसीचे पॅनेल ठोकलेले असते. एखादी पट्टी उचकटून पाहिली की पॅनेलच्या पाठीवर त्या फुग्यांचे गोल ठसे उमटलेले दिसतात, म्हणजे मध्ये बोटभरही जागा सोडलेली नाही हे लगेच कळते. चकचकीत फॉइल उष्णता अडवते ती किरणांच्या स्वरूपातली, आणि तेही त्याच्या चकाकत्या बाजूसमोर हवेची पोकळी असेल तेव्हाच. दोन्ही बाजूंनी दाबलेले फॉइल हे धातूचे पातळ पान असते आणि त्यातून उष्णता सरळ वाहते. उरतो तो फुग्यांमधल्या चार-पाच मिलिमीटर हवेचा किरकोळ फायदा. तेच फॉइल लाकडी किंवा धातूच्या पट्ट्यांवर ताणून, समोर २० ते २५ मिलिमीटरची बंद पोकळी ठेवून बसवले, तर ते पाऊण इंच थर्माकोलच्या तोडीचे काम करते. अशा खोलीत नवा माल आणण्याची गरज नसते. पॅनेल काढून पट्ट्या ठोकून तेच पुन्हा बसवले की पुरते.

उष्णतारोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगांबद्दलही स्पष्ट असावे. उन्हात असलेल्या बाहेरच्या भिंतीवर किंवा गच्चीवर पांढरा परावर्तक रंग खरोखर उपयोगी आहे, कारण गडद भिंत उन्हाचा सत्तर-ऐंशी टक्के भाग शोषते, तर ताजी पांढरी भिंत त्याच्या निम्म्याहूनही कमी. मात्र हा फायदा पांढरेपणाचा आहे, आणि धूळ बसली की तो घटतो. मिलिमीटरभर जाडीचा रंग खोलीच्या आतून लावला तर इन्सुलेशन म्हणून त्याचा काही उपयोग नाही, डब्यावर सिरॅमिक लिहिलेले असो वा आणखी काही.

जाडीचाही एक नेम आहे. थर्माकोलचा पहिला इंच वर दिलेला २.१चा आकडा ०.८५पर्यंत आणतो, दुसरा इंच ०.५३पर्यंत, आणि तिसरा इंच ०.३८च्या आसपास. पहिल्या इंचाचा लाभ सर्वांत मोठा असल्याने, आधीच दोन इंची थर व्यवस्थित बसलेला असताना त्यावर तिसरा चढवण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर त्याने छत तपासले आहे का हे आधी विचारावे.

थर आतून असावा की बाहेरून

याचे उत्तर खोली कशी वापरली जाते यावर ठरते, आणि इथली चूक सर्वांत महागात पडते. खोलीत फक्त रात्री आठ-दहा तास एसी चालत असेल, तर आतून लावलेला थर सोयीचा ठरतो. एसीला मग भिंतीचा सगळा विटांचा साठा थंड करावा लागत नाही, खोली लवकर निवते. खोलीत कूलर किंवा पंखा असेल आणि रात्री खिडक्या उघडल्या जात असतील, तर थर बाहेरून असणे श्रेयस्कर. तेव्हा ऊन विटांपर्यंत पोहोचतच नाही, रात्रीच्या गार हवेने विटा निवतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच खोलीला थंडावा देतात.

कूलरच्या खोलीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कूलर सतत बाहेरची हवा ओढून तेवढीच हवा खिडकीवाटे बाहेर ढकलत असतो, त्यामुळे भिंतीतून आलेली उष्णता हवेत साचत नाही. अशा खोलीत इन्सुलेशनने तापमापीवरचा हवेचा आकडा फारसा बदलत नाही, आणि त्यावरून घरमालक खर्च वाया गेला असे समजतो. फायदा होतो तो भिंतीकडून अंगावर येणारी झळ कमी होण्याचा. म्हणून तुलना करायची असेल तर ती भिंतीच्या पृष्ठभागाच्या आकड्यांची करावी.

आतून थर असूनही झळ येत असेल, तर खिडकीच्या वरच्या पट्ट्यावर मापी धरून पाहावी. छज्जा आणि लिंटेल, म्हणजे खिडकीवरची काँक्रीटची आडवी तुळई, एकाच ओतकामात भरलेले असतात. उन्हात तापलेला छज्जा आपली उष्णता काँक्रीटमधूनच लिंटेलवाटे आत पोहोचवतो. काँक्रीट विटेपेक्षा उष्णता लवकर वाहून नेते, आणि कारागिराने नेमका हाच भाग, पडद्याची दांडी ठोकायची म्हणून, बहुधा उघडा सोडलेला असतो. दाराखिडक्यांच्या बाजूच्या उभ्या कडा, स्विचबोर्डामागचा भाग आणि छताला टेकलेली वरची दोन-तीन इंच पट्टी याही जागा तपासाव्यात.

स्विचबोर्डाचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी. पीव्हीसी आवरणाची वायर थर्माकोलला थेट चिकटून राहिली, तर आवरणातला मऊपणा देणारा घटक काही वर्षांत थर्माकोलमध्ये उतरतो आणि आवरण कडक होऊन तडकते. वायर नळीतूनच न्यावी. थर्माकोल जळते, म्हणून घराच्या आत ते कधीही उघडे ठेवू नये. त्यावर जिप्सम बोर्ड किंवा गिलावा हवाच, आणि माल आग सहज न पकडणाऱ्या प्रतीचा मागून घ्यावा. मीटरच्या आसपास आणि स्वयंपाकघरात रॉकवूल, म्हणजे न जळणारी दगडी लोकर, वापरणे अधिक शहाणपणाचे आहे.

बाहेरचा थर फुगतो, तडकतो

बाहेरून थर्माकोल लावून त्यावर कोंबडीजाळी आणि नेहमीचा वाळू-सिमेंटचा गिलावा चढवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. पहिल्या दोन उन्हाळ्यांत हा गिलावा तडकतो, कारण विटांपासून वेगळा पडलेला हा जड थर उन्हात एकटाच तापतो, प्रसरण पावतो आणि रात्री आकसतो. तडा गेला की पावसाळ्यात पाणी आत शिरते, जाळी गंजते, आणि पुढच्या मेपर्यंत थर भिंतीपासून सुटलेला असतो. बोटाने ठोकून पाहिल्यावर पोकळ आवाज येणारा सगळा भाग काढून टाकावाच लागतो, वरून रंग देऊन किंवा तड्यात पुट्टी भरून तो टिकत नाही.

नव्याने करताना थर्माकोलचे तक्ते चिकटवण्याच्या खास सिमेंट-मसाल्याने आणि शिवाय प्लास्टिकच्या चकती असलेल्या फास्टनरने भिंतीला जखडावेत. त्यावर चार-पाच मिलिमीटरचा पॉलिमरयुक्त पातळ लेप, त्यात काचतंतूची, सिमेंटमधील क्षार सोसणारी जाळी, जाळीच्या दोन पट्ट्या एकमेकींवर किमान १० सेंटिमीटर चढवलेल्या, आणि शेवटी फिकट रंगाचा बाहेरचा रंग, असा क्रम असावा. खिडकीच्या चारही कोपऱ्यांवर जाळीचा एक तिरका तुकडा जास्तीचा लावावा, कारण पहिला तडा तिथूनच निघतो. थराची खालची कड जमिनीपासून अर्धा फूट तरी वर ठेवावी. पावसाचे उडालेले शिंतोडे त्यामुळे टळतात आणि वाळवीला थराआडून लपून वर चढता येत नाही. वाळवी थर्माकोल खात नाही, पण ते पोखरून वाट मात्र करते, आणि जुन्या सागवानी चौकटींपर्यंत पोहोचायला तिला तेवढे पुरते.

हा सगळा खटाटोप न करताही एकमजली घराच्या पश्चिमेला, जागा असल्यास, भिंतीपासून दीड-दोन फुटांवर मांडव उभारून मधुमालती किंवा कृष्णकमळ चढवता येते. वेल भिंतीला चिकटून मात्र नको.

ओल, वास, काळे डाग

थराआडून पावसाळ्यात कुबट वास येत असेल किंवा कडांना काळी बुरशी दिसत असेल, तर प्रश्न उष्णतेचा राहिलेला नसतो. जुन्या घरांत जोत्याच्या पातळीवरचा ओलरोधक थर नसतो किंवा निकामी झालेला असतो, आणि जमिनीतली ओल दोन-तीन फूट वर चढते. आधी ती गिलाव्यातून सुकत होती. आतून बंद थर लावल्यावर सुकायची वाट गेली आणि लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारे क्षार, विटांच्या आत साचू लागला. भिंतीचे खालचे पापुद्रे सुटत असतील, बोटावर पांढरी भुकटी येत असेल, तर खालचे तीन फूट उघडे करून, ओलीचे मूळ बंद करून आणि भिंत एक संपूर्ण उन्हाळा वाळू देऊन मगच पुन्हा थराचा विचार करावा. वरून येणारी ओल असेल तर कठड्याचा माथा आणि पावसाच्या पाण्याचे पाइप आधी पाहावेत.

मुंबई-कोकणातील दमट हवेत हाच दोष वेगळ्या रीतीने उद्भवतो. तिथे एसीच्या खोलीत बाष्प बाहेरून आत येते आणि थंड पृष्ठभागावर पाणी होते. आतल्या बाजूने व्हिनाइल वॉलपेपर किंवा तेलरंग असेल तर ते पाणी त्यामागेच अडकते. पोकळी ठेवून भरलेले ग्लासवूल (काचतंतूंची लोकर) तिथे ओले होऊन खाली बसते. त्याऐवजी बंद पेशींच्या, म्हणजे पाणी आणि बाष्प सहज आत न घेणाऱ्या, फोमचे तक्ते कोरड्या भिंतीला पोकळी न ठेवता पूर्ण चिकटवावेत आणि आतला रंग साधा, श्वास घेणारा ठेवावा. सोसायटीच्या इमारतीत बाहेरची भिंत सामाईक असल्याने बाहेरून काम करायचे तर सोसायटीची परवानगी घ्यावी लागते.

मातीच्या भिंतींची घरे

दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या किंवा दगडी भिंतींना बहुतेक वेळा इन्सुलेशन लागत नाही. दिवसभराचे ऊन त्यांच्या आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत रात्र सरत आलेली असते. असे घर अलीकडे तापू लागले असेल, तर कवेलू (मातीची कौले) काढून टिनाचे पत्रे कधी टाकले ते विचारावे. उत्तर बहुधा तिथेच सापडते. उपायही तिथेच करावा: पत्र्याखाली बांबूची ताटी किंवा बोर्डाचे आतले छत आणि मध्ये वारा खेळता राहील अशी पोकळी. मातीच्या भिंतीला थर्माकोल किंवा सिमेंटचा गिलावा लावू नये. ओल आत कोंडून भिंत पोटातून ढासळते. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच पांढरा हात तिला मानवतो.

थर नीट असूनही सकाळी खोली गरम असेल

इन्सुलेशन उष्णता आत यायला जसे अडवते तसे बाहेर जायलाही अडवते. झोपलेला माणूस साधारण ७० ते ८० वॅट उष्णता सोडतो, शिवाय फ्रिज, इन्व्हर्टर आणि टीव्ही आहेतच. खिडक्या बंद ठेवल्या आणि एसीही नसला, तर ही उष्णता रात्रभर साचते. नागपुरात मे महिन्यात पहाटेची हवा अठ्ठावीस अंशांच्या आसपास उतरते. रात्री दहानंतर समोरासमोरच्या खिडक्या उघडून एक पंखा बाहेरच्या दिशेने लावावा आणि सकाळी आठच्या आत सगळे पुन्हा बंद करावे. इन्व्हर्टर झोपायच्या खोलीतून हलवता आला तर उत्तमच.

कामासाठी दिवाळीनंतरचा ते फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ निवडावा. भिंती कोरड्या असतात आणि लेप सावकाश सुकतो. मेच्या उन्हात बाहेरचा लेप पाणी धरण्याआधीच कोरडा पडतो आणि भुसभुशीत राहतो. काम झाल्यावर मेमध्ये त्याच चार वेळांना, त्याच जागांवर पुन्हा मोजणी करून जुन्या कागदाशेजारी आकडे लिहावेत. रात्री अकरा वाजता पश्चिमेच्या भिंतीची आतली बाजू खोलीतल्या मधल्या, उन्हात नसलेल्या भिंतीपेक्षा एक-दोन अंशांहून अधिक गरम नसेल, तर त्या भिंतीवर आणखी खर्च करू नये. फरक चार-पाच अंशांचा असेल, तर थरात कुठेतरी फट, ओल किंवा उघडी पट्टी राहिली आहे, आणि मापी भिंतीवरून हळूहळू फिरवली की ती जागा हातभर अंतरात सापडते.